विकतचा स्पेसर की बाटलीचा?
छातीत घरघर वाजणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात औषधाचा फवारा देणारा पंप (इनहेलर) थेट मारला, तर बरेचसे औषध घशातच चिकटते. म्हणून पंप आणि तोंड यांच्या मध्ये स्पेसर, म्हणजे फवारा क्षणभर साठवणारे पोकळ नळकांडे, हवाच. तान्ह्यांसाठी झडप व मास्क असलेला विकतचा स्पेसर मला निःसंशय उजवा वाटतो, कारण मास्क नाकातोंडावर घट्ट बसला की मुलाने नेहमीसारखा श्वास घेतला तरी पुरते. बाटलीचे तोंड ओठांत धरणे त्याला जमत नाही. मोठ्या मुलांसाठी मात्र ५०० मिलीलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला तापल्या तारेने पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, सांधा हवाबंद करून केलेला स्पेसर कमअस्सल समजू नये: १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात तो विकतच्या स्पेसरच्या तोडीचा ठरला. दोन्ही साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवावेत. कोरड्या फडक्याने घासल्यास स्थिर विद्युतभारामुळे औषध प्लास्टिकलाच चिकटते.