४२ हजारांचा हीटर आणि सफरचंदाचा खोका

मागच्या जानेवारीत मी आणि सचिन पुण्याहून स्पितीला निघालो. गाडी माझी जुनी थार, कापडी हूडची. कुंझुम खिंडीची, म्हणजे मनालीकडची बाजू हिवाळ्यात बंद असते, त्यामुळे रस्ता शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असा. निघण्याआधी एकाच गोष्टीचा घोर होता, गाडीच्या हीटरचा. महाबळेश्वरच्या पहाटेच्या गारठ्यातही तो चहावर फुंकर मारल्यासारखी कोमट हवा सोडायचा. काझ्यात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० पर्यंत उतरतो. तिथे या फुंकरीने काय होणार?

मी चार वर्षं गाडी एकाच गॅरेजला देत होतो. विंच, स्नॉर्कल, लिफ्ट किट असली कामं करणारं गॅरेज. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. मालकाने व्हेंटपुढे हात धरला आणि लगेच निदान केलं, "दादा, कंपनीचा हीटर आपल्याकडच्या थंडीपुरता. वर तो काय पुरणार? डिझेल हीटर टाकू. जर्मन आहे, ५ किलोवॉट, दोन वर्षं बघायला नको." किंमत ४२,००० रुपये. पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा, म्हणून मी कच्च्यावर तयार झालो. पैसे त्याच्या बायकोच्या खात्यावर यूपीआयने पाठवले. इथवर वाचूनच तुम्ही मला मूर्खात काढलं असेल, तर बरोबर आहे.

डिझेल हीटर ही वस्तू मात्र खोटी नाही. एक छोटा पंप टकटक करत थेंबाथेंबाने डिझेल सोडतो, ग्लो प्लग ते पेटवतो आणि बंद धातूच्या कोठीत ज्वाला जळत राहते. पंखा केबिनची हवा त्या कोठीच्या बाहेरून फिरवून गरम करतो. धुराची वाट वेगळी, तुमच्या हवेची वेगळी. इंजिन बंद ठेवूनही चालतो, म्हणून थंड देशांतले ट्रकवाले रात्रभर तो लावून झोपतात. सगळी मदार त्या दोन वाटा एकमेकींना न भेटण्यावर.

नाकोच्या पुढे मलिंगला दरड आली होती आणि आम्ही दोनेक तास रांगेत उभे होतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद, हीटर चालू. हूडच्या फटी आम्ही टेप आणि रजईने बुजवल्या होत्या, स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. डिझेलचा हलका वास येत होता, पण गॅरेजवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "नवीन हीटरला पहिले काही तास वास येतोच." सचिनचं डोकं ठणकायला लागलं, मला मळमळायला लागलं. साडेतीन हजार मीटरच्या आसपास होतो, म्हणजे उंचीचा त्रास, दुसरं काय! पाणी प्यायलो, लसूण चघळला. सचिन लघवीला म्हणून उतरला, पुढच्या ट्रकवाल्याशी गप्पा मारत अर्धा तास बाहेर थंडीत राहिला आणि परत येऊन म्हणाला, "बाहेर बरं वाटतंय रे." गाडीत बसला आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच. उंची तर दोन्हीकडे सारखीच होती. मग मात्र आमच्या डोक्यात प्रकाश पडला. हीटर बंद केला, हूडची चेन उघडली आणि अंगावर असतील तेवढे कपडे चढवून कुडकुडत बसलो.

कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि त्याची सुरुवातीची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असतात. शिवाय विरळ हवेत डिझेल नीट जळत नाही, त्यामुळे हा वायू जास्तच तयार होतो. तिथे झोप लागली असती तर हा मजकूर लिहायला मी नसतो.

रस्ता मोकळा झाला, पण पुढे जायचा धीर होईना. पिओला परतलो. सकाळी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गाडी नेली. तो आधी खाली सरकला. हीटरचा धुराडा पाइप गाडीच्या कडेपर्यंत आणलाच नव्हता, मागच्या सीटखालीच संपवला होता. जोडाला क्लॅम्प नाही. आणि बरोबर त्याच्या वर फ्लोअरचे दोन रबरी बूच गायब. त्याने त्या भोकातून बोट वर काढून मला दाखवलं, हलवूनही दाखवलं. हीटरवरचं जर्मन झेंड्याचं स्टिकर नखाने सोललं तर खाली चिनी अक्षरं.

नंतर त्याने थंड इंजिन चालू करायला लावलं आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर, म्हणजे जाड रबरी नळीवर हात ठेवला. मिनिटभरातच म्हणाला, "ये तो अभी से गरम हो रहा है। थर्मोस्टेट किसने निकाला?"

थर्मोस्टॅट असेल तर इंजिनातलं पाणी ८० अंशांच्या वर जाईपर्यंत रेडिएटरकडे सोडलं जात नाही, तोवर वरचा होज गारच लागतो. थर्मोस्टॅट काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, उणे तापमानाच्या वाऱ्यात इंजिन तापतच नाही आणि कंपनीचा हीटर ज्या पाण्यावर तापतो, ते त्याच्या कॉइलला कोमटच मिळतं. टेम्परेचरचा काटा माझ्याकडे कायम तळाशी असायचा. मला वाटायचं, वा, इंजिन किती थंड चालतंय!

त्याने सफरचंदाचा एक खोका फाडला, पुठ्ठा रेडिएटरपुढे तारेने बांधला, एका कडेला चार बोटं जागा मोकळी सोडली आणि बजावलं, काटा अर्ध्याच्या वर गेला की लगेच काढायचा. स्किब्बा गावाच्या पुढे आमच्या पायांना गरम हवा लागायला लागली. कंपनीच्याच हीटरची! त्याच पुठ्ठ्यावर आम्ही काझा करून आलो. घेतले त्याने २०० रुपये.

पुण्यात येऊन डॅशबोर्डचा खण उपसला. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली एक चिठ्ठी सापडली, "ओव्हरहीट. थर्मो. काढून डायरेक्ट केले. ४००." अक्षर त्याच गॅरेजवाल्याचं. म्हणजे व्हेंटपुढे हात धरून तो गंभीर चेहऱ्याने बोलत होता तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. विचारलं तर म्हणतो, "उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तुम्हीच आणली होती ना दादा?" तापत होती ती तुंबलेल्या रेडिएटरमुळे. तो दुसऱ्या मेकॅनिककडून साफ करून घेतला, थर्मोस्टॅट हजाराच्या आत बसला. कूलंट म्हणून आत निम्म्याहून जास्त पाणीच निघालं. ते गोठलं असतं तर इंजिनच फुटायचं.

५ किलोवॉटचा हिशोबही घरी करून पाहिला. एक लिटर डिझेलमधून साधारण १० किलोवॉट-तास उष्णता मिळते. म्हणजे ५ किलोवॉटच्या हीटरने फुल्लवर तासाला अर्धा लिटर तरी प्यायला हवं. अंगणात सहा तास फुल्लवर चालवला, एक लिटरही संपलं नाही. दोन किलोवॉटचाही नाही तो.

तुम्ही बसवणार असाल तर पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर घ्यायला लावा आणि धुराचा पाइप कुठे संपतो ते स्वतः खाली जाऊन बघा. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवा. आणि त्याही आधी थंड इंजिनवर त्या वरच्या होजला हात लावा, त्याला पैसे पडत नाहीत.

मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा आयोगात गेलो. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, "जर्मन, ५ किलोवॉट" असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे आणि ती ४०० रुपयांची चिठ्ठी आहे. तक्रार मागे घेतली तर १० हजार देतो म्हणाला. घेतले नाहीत. परवा त्याचं स्टेटस पाहिलं, तोच हीटर, तेच झेंड्याचं स्टिकर, "लडाख-स्पिती सीझन ऑफर, फक्त ३९,९९९".