जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत वकील सेवा: काम मनापासून आवडलं, पण ते लोकांना सांगणारं माणूस हवं

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी सरळ जिल्हा कोर्टात जाऊन विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठावं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. १५१०० हा नंबर पण लिहून ठेवा, देशभर चालतो, टोल फ्री आहे. आता बाकीचं सविस्तर.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीला नवऱ्यानं घराबाहेर काढलं, पदरात लहान पोर, आणि एका वकिलानं सुरुवातीलाच जो आकडा सांगितला तो ऐकून माय-लेकी गप्प घरी येऊन बसल्या. पोटगी मागायचा हक्क आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्यासाठी सरकार वकील देतं आणि एक रुपया लागत नाही हे त्या दोघींना सोडा, त्यांच्या अख्ख्या चाळीत कुणाला माहीत नव्हतं. मी त्यांच्यासोबत गेले. माझी सगळी नोकरी जनसंपर्कात गेली, आधी वर्तमानपत्रात, मग एका सरकारी महामंडळात, त्यामुळे मी वकिलाकडे बघत होते तेवढंच भिंतीवरच्या बोर्डांकडे, पत्रकांकडे पण बघत होते. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

आधी सेवेबद्दल. ऑफिस कोर्टाच्या आवारातच, फ्रंट ऑफिसला प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे (म्हणजे यादीतले) एक वकील आणि एक पॅरा लीगल व्हॉलंटिअर ताई बसलेल्या, म्हणजे वकील नसलेल्या, पण कायद्याच्या कामात लोकांना मदत करणाऱ्या स्वयंसेविका. या ताईंबद्दल लिहायलाच पाहिजे. मुलीनं फॉर्म हातात घेतला आणि तिची मान खाली गेली, कारण अर्जावर 'प्रकरणाचे स्वरूप' वगैरे लिहिलेलं. ताईंनी फॉर्म स्वतःकडे ओढला, पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "तू आधी मला काय झालं ते सांग बाळा, लिहायचं मी बघते." मग ती बोलायला लागली ती थांबेचना, मधे रडली, ताईंनी घाई केली नाही, मागे दोघं तिघं ताटकळत उभे होते त्यांना हातानंच बसायला सांगितलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर एकेक रकाना मोठ्यानं वाचत भरला. लग्नाची तारीख, पोराचा जन्मदाखला आहे का, नवरा कुठे कामाला, पगार बँकेत जमा होतो की हातात. शेवटी अख्खा अर्ज परत वाचून दाखवला आणि मगच सही घेतली. मी नोकरीत असताना लोकांशी बोलायचं कसं याची ट्रेनिंगं घेतली आहेत आणि दिली पण आहेत, त्या ताई मला तिथं फॅकल्टी म्हणून चालल्या असत्या, मनापासून सांगते.

उत्पन्नाचा दाखला आणला नव्हता म्हणून मला धाकधूक होती, पण बाईला उत्पन्नाची अटच नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून जरा नीट लिहिते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये यादी आहे: महिला आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेले, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीतून सुटलेले, पूर-भूकंप-दंगलीसारख्या आपत्तीत सापडलेले. या सगळ्यांना कमाई कितीही असली तरी मोफत वकील. राहिले बाकीचे, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे, आणि तिथेही स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं असं कायदाच म्हणतो. मोफत म्हणजे नुसती वकिलाची फी नाही, कोर्ट फी, समन्सचा खर्च, टायपिंग, नकला, सगळं त्यात. अर्जावर जमलं तर लगेच, नाहीतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आमच्या बाबतीत तो वेळेत झाला, वकील मॅडमचं नाव आणि नंबर असलेलं पत्र मुलीच्या हातात पडलं. मॅडम तरुण आहेत, फोन उचलतात, तारखेच्या आदल्या दिवशी स्वतः मेसेज करतात. फौजदारी केस असेल तर आता लोक अभिरक्षक कार्यालय असतं, म्हणजे खाजगी प्रॅक्टिस न करता फक्त गरीब आरोपींचीच कामं बघणारे पूर्णवेळ वकील.

इतकी चांगली सेवा, आणि चाळीत कुणाला माहीत नाही.

हे माझ्या डोक्यातून जाईना म्हणून मी त्या आवारात मुद्दाम हिंडले. बोर्ड आहे, मोठा आहे, छान रंगवलेला आहे, पण कोर्टाच्या आत, जिन्याच्या वरच्या अंगाला. जी बाई कोर्टाची पायरी चढायलाच घाबरते तिला तो दिसणार कधी? जिल्हा रुग्णालयात, जिथे मार खाल्लेली बाई आधी जाते, तिथे काही नाही. एसटी स्टँडवर नाही. मग मी ऑफिसच्या शिबिरांच्या जुन्या बातम्यांची कात्रणं बघितली, फाईल त्यांनी आपुलकीनं दाखवली. दीपप्रज्वलन, व्यासपीठावर कोण कोण, प्रास्ताविक कुणी केलं, आभार कुणी मानले, सूत्रसंचालन कुणाचं. सात-आठ ओळींची बातमी आणि त्यात मदत कुणाला मिळते, कुठल्या खोलीत जायचं, फोन कुठला, हे एकाही कात्रणात नाही. मी वर्तमानपत्रात असताना अशा प्रेसनोटा ढिगानं यायच्या, आम्ही शेवटच्या पानावर कोपऱ्यात टाकायचो. शिबिर घेणाऱ्यांची मेहनत खरी होती हो, रविवारी गावात जाऊन उन्हात बसलेली माणसं ती. पण ज्या बायका त्या दिवशी शेतावर होत्या त्यांच्यापर्यंत काहीच गेलं नाही.

याला मी त्या ऑफिसचा दोष म्हणणार नाही. सचिव म्हणून तिथे न्यायाधीश असतात, त्यांच्याकडे मध्यस्थी, लोकअदालत, तुरुंग भेटी, पीडितांची नुकसानभरपाई असा डोंगर असतो, आणि बदलीची नोकरी. एखादे साहेब हौसेनं रेडिओवर कार्यक्रम सुरू करतात आणि बदली झाली की तो बंद. मी विचारलं की प्रसिद्धीचं काम कोण बघतं, तर क्लार्कच बघतो, बाकीची कामं सांभाळून, फोटो काढायचा, प्रेसनोट टाईप करायची, व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रकारांना पाठवायची. तो बिचारा करतोय तेच खूप आहे.

आणि आपल्याकडे लोकांना सांगणं ही काही वरची सजावट नाहीये, सुप्रीम कोर्टानं ते सेवेतच धरलेलं आहे. शीला बर्से या पत्रकार, त्यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना भेटून कोर्टाला पत्र लिहिलं आणि त्यावर १९८३ मध्ये निकाल आला. त्यात कोर्टानं काय सांगितलं बघा: अटक झालेल्या माणसाचे हक्क लिहिलेलं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापा, राज्यातल्या प्रत्येक पोलीस कोठडीत प्रत्येक खोलीत चिकटवा, आणि त्याला ठाण्यात आणल्या आणल्या त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवा. वाचून दाखवा! नुसतं चिकटवून थांबू नका, कारण समोरच्याला वाचता येईलच असं नाही. जनसंपर्काच्या कामाला याहून नेमकी सूचना मी तरी नोकरीत कधी बघितली नाही. मग १९८६ ला सुक दास केस, अरुणाचल प्रदेशातली, वकिलाशिवाय खटला चालला, शिक्षा झाली, आणि सरकारचं म्हणणं असं की यानं वकील मागितलाच नाही. न्या. भगवती म्हणाले मागायची गरज नाही, ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही तो मागणार कसा, सांगायची जबाबदारी कोर्टाची, आणि शिक्षा रद्द. आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुहास चकमा प्रकरणात न्या. गवई (आपले अमरावतीचे) आणि न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठानं परत सांगितलं की पोलीस ठाणं, पोस्ट ऑफिस, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणी जवळच्या विधी सेवा ऑफिसचा पत्ता आणि फोन स्थानिक भाषेत लावा, आकाशवाणी-दूरदर्शनवर सांगा, पथनाट्यं करा. म्हणजे चाळीस वर्षांत तीन वेळा तेच सांगावं लागतंय.

म्हणून माझं स्पष्ट मत, राज्य प्राधिकरणात सदस्य सचिवांच्या (तिथला कारभार बघणाऱ्या न्यायाधीशांच्या) शेजारच्या खोलीत संपर्काचा एक सिनियर अधिकारी पाहिजे, पूर्णवेळ, टीम आणि बजेट हातात असलेला. क्लार्कच्या पातळीचा नको, कारण तिथे खालच्या माणसाचं चालत नाही. पत्रकावर आठ मान्यवरांची नावं टाकायची असं ठरलं की "साहेब, ही नावं काढू या आणि तिथे फोन नंबर मोठा करू या" हे न्यायाधीशांना तोंडावर सांगायला तेवढं वजन लागतं. मी महामंडळात हे भोगलंय, व्यासपीठावरचं एक नाव कमी करायला तीन मीटिंगा लागतात.

आणि हे काम साध्या सरकारी खात्याच्या पीआरपेक्षा अवघड आहे हेही मला कळतं. चालू केसबद्दल अवाक्षर बोलता येत नाही. पीडितेचा चेहरा, नाव, गाव काही बाहेर जाता कामा नये, बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे, त्यामुळे 'आमच्यामुळे यांना न्याय मिळाला' असा फोटो टाकणं हा मार्गच बंद. यश दाखवायची घाई झाली की पहिला बळी त्या बाईच्या खाजगीपणाचा जातो. मग दाखवायचं काय, तर कामाची रीत दाखवायची. अर्ज कसा भरतात, वकील कसा मिळतो, पैसे मागितले तर कुणाला सांगायचं. त्या व्हॉलंटिअर ताई अर्ज वाचून दाखवतायत एवढा दोन मिनिटांचा व्हिडिओ, कुणाचंही नाव न घेता, आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या ग्रुपवर पोचला तरी पुरे, बाकी व्यासपीठ मंडप काही नको.

लोकअदालतीचंही तसंच. वर्षातून चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत होते, बँकेची वसुली, अपघात भरपाई, चेक बाउन्स, वीजबिल अशी खूप प्रकरणं तडजोडीनं मिटतात, भरलेली कोर्ट फी परत मिळते, फार चांगली सोय आहे. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच (म्हणजे कोर्टाच्या अंतिम निकालासारखा बंधनकारक) असतो, हे सही करायच्या आधी ठळक सांगायला हवं. आणि तडजोड पटली नाही तर जबरदस्ती नाही, केस परत कोर्टात जाते, हे पण. आता झालंय असं की वाहतूक दंडाची ई-चलानं पण तिथे येतात, त्यामुळे लोकअदालतीचं नाव घरोघरी गेलं आणि त्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर दंड निम्मा, दंड माफ, काय वाट्टेल ते फिरतं, त्यातच बनावट चलानच्या लिंका, ज्यावर क्लिक करून लोकांची खाती रिकामी झालीत. अशा वेळी अधिकृत माणसानं त्याच दिवशी, त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर, साध्या चार ओळींत खरं काय ते सांगितलं पाहिजे. तीन दिवसांनी आलेला खुलासा कोण वाचतं?

गुण द्यायचे तर वकील सेवेला पाचपैकी साडेचार (अर्धा कापला तो बसायच्या जागेसाठी, बाकं कमी, लहान मूल घेऊन आलेल्या बायका उभ्या), त्या व्हॉलंटिअर ताईंना पाचपैकी पाच, आणि सेवा लोकांपर्यंत पोचवण्याला दीड. दीड सुद्धा १५१०० साठी, कारण मी घरी येऊन फोन लावून बघितला तर पलीकडून नीट मराठीत उत्तर मिळालं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, आधार कार्ड आणि केसचे जे काही कागद असतील त्यांच्या झेरॉक्स घेऊन जा, नसतील तरी जा. तालुक्याच्या ठिकाणी राहत असाल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला हेलपाटा नको. नेमलेल्या वकिलानं पैसे मागितले तर देऊ नका, त्यांना प्राधिकरणाकडून मानधन असतं, सचिवांकडे लेखी अर्ज करा, वकील बदलून मिळू शकतो. आणि अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका, पोचेवर तारीख टाकून घ्या, ७ दिवस तिथून मोजायचे.