चँडलर आधी वाचावा की केन?

चार-सहा नॉयर सिनेमे, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतले ते काळोखे अमेरिकन गुन्हेपट, पाहून झाले की बहुतेकांना वाटतं, हे सगळं आलं कुठून ते एकदा मुळापासून वाचून बघावं. खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडणारा उजेड, लांबट सावल्या, सगळं काही उशिरा कळणारा नायक. यातला प्रकाशाचा भाग बर्लिनहून हॉलिवूडला आलेल्या दिग्दर्शकांनी, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमॅक, फ्रिट्झ लांग यांच्यासारख्यांनी सोबत आणला, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. माणसं, त्यांचं बोलणं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं करून घेतलेला सत्यानाश मात्र अस्सल अमेरिकन. तो पल्प मासिकांतून, म्हणजे स्वस्त कागदावरच्या कथामासिकांतून, आणि स्वस्तातल्या कादंबऱ्यांतून आला. तिथं शिरायला मुख्य दारं दोन, रेमंड चँडलर आणि जेम्स एम. केन. दोघंही वाचावेतच, पण आधी कोण, हा प्रश्न खरा आहे. पहिलं पुस्तक जमलं नाही तर माणूस दुसरं उघडत नाही.

डॅशिएल हॅमेटला मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. पिंकर्टन एजन्सीत खरीखुरी हेरगिरी करून आलेला हा माणूस या घराण्याचा मूळपुरुष. 'ब्लॅक मास्क' या पल्प मासिकाला वळण लावण्यात त्याचा वाटा सगळ्यात मोठा. पण त्याचं 'द माल्टीज फाल्कन' जॉन ह्यूस्टननं १९४१ साली इतकं इमानदारीनं पडद्यावर आणलं, की सिनेमा पाहिलेल्याला पुस्तकाची घाई नाही.

चँडलरची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. तेल कंपनीतला हा बडा अधिकारी, दारूपायी नोकरी गेली, चव्वेचाळिशीत रस्त्यावर आला आणि पोटासाठी 'ब्लॅक मास्क'मध्ये कथा लिहू लागला. पहिली कथा १९३३ची, पहिली कादंबरी 'द बिग स्लीप' १९३९ची. शिक्षण इंग्लंडच्या डलिच कॉलेजात, लॅटिन-ग्रीक पक्कं, आणि त्या कानांनी त्यानं लॉस एंजेलिसची गल्लीतली भाषा ऐकली. म्हणून त्याचं वाक्य दुसऱ्या कुणाला साधत नाही. शहर तर असं उभं करतो की पाऊस, युकॅलिप्टसचा वास, श्रीमंतांच्या बंगल्यांतली कोंदट हवा अंगाला लागते. त्याचा खाजगी गुप्तहेर फिलिप मार्लो हा एकटा, कफल्लक, तत्त्वाचा पक्का. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेला मराठी वाचक तर हमखास मार्लोकडेच वळतो. मीही आधी त्याचंच 'द बिग स्लीप' उचललं होतं.

आणि तिथंच माझं बिनसलं. चँडलर खाली ठेवता येत नाही. हे सहसा कौतुकानं म्हणतात, मी तक्रार करतोय. लोकलमध्ये वाचणारा माणूस पुस्तक खाली ठेवतोच. ठाण्याला चढलो, दादरला मिटलं, संध्याकाळी परत उघडलं की हा ब्रोडी कोण, त्याचा गायगरशी काय संबंध, फोटो आता नेमके कुणाकडे आहेत, काही लक्षात नसतं. मग वीस पानं मागे. शेवटी मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नावं लिहून बाण काढत बसलो. बाण वाढत गेले आणि उलगडा काही झाला नाही. आपलीच बुद्धी कमी पडतेय असं वाटत राहतं, आणि पहिल्या पुस्तकात असं वाटणं वाईट.

दोष सगळा वाचकाचा नाही. 'द बिग स्लीप' हे चँडलरनं आपल्याच जुन्या मासिकी कथा जोडून केलेलं पुस्तक आहे. मुख्यतः दोन कथा, 'किलर इन द रेन' आणि 'द कर्टन'. मध्यावर पोचलात की शिवण हाताला लागते, एक प्रकरण जवळपास संपतं आणि दुसरं सुरू होतं. त्यावर सिनेमा करताना दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या मंडळींना शोफरचा खून कुणी केला हे उमगेना. त्यांनी चँडलरलाच विचारलं, तर त्यालाही सांगता आलं नाही, हा किस्सा प्रसिद्धच आहे. पटकथेला विल्यम फॉकनरसारखा कादंबरीकार होता तरी ही गत. पुढे सिनेमातही बोगार्ट आणि बकॉल या नायक-नायिकेचे प्रसंग वाढवायला उलगड्याचा एक प्रसंग काढून टाकला. चाहते म्हणतात, कथानकाकडे बघूच नका, वाक्यं चाखा. ठीक आहे. पण कोण मेलं आणि का, हे कळावं एवढी अपेक्षा खुनाच्या गोष्टीकडून ठेवली तर ती फार झाली असं मला तरी वाटत नाही.

केनकडे हा त्रासच नाही. 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' (१९३४) जेमतेम शंभर-सव्वाशे पानांचं. तीन माणसं. गवताच्या ट्रकवरून खाली फेकला गेलेला एक भटक्या, रस्त्याकडेच्या खानावळीचा मालक आणि त्याची बायको. पुढे काय होणार ते पाचव्या पानावर कळतं, आणि तरी आपण वाचत राहतो. कधीही मिटा, कुठूनही परत धरा. इंग्रजी साधं, वाक्यं तुटक, संवादांना 'तो म्हणाला', 'ती म्हणाली'चीसुद्धा जोड नाही. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी कादंबरीला बिचकणाऱ्यानं निर्धास्त घ्यावं. चँडलरची तीसच्या दशकातली कॅलिफोर्नियाची बोली मात्र आजही अडखळायला लावते, निदान मला.

केन मुळात पत्रकार. बाल्टिमोर आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत वाढलेला, त्यामुळे बातमीचं हाड त्याच्या गोष्टीत असतं. १९२७ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर नावाच्या बाईनं कॉर्सेट विकणाऱ्या जड ग्रे या प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला मारलं. त्याआधी नवऱ्याच्या नावावर अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम देणारा विमा उतरवून ठेवला होता. जानेवारी १९२८मध्ये सिंग सिंग तुरुंगात तिला विजेच्या खुर्चीत बसवलं, आणि एका छायाचित्रकारानं पायाच्या घोट्याला बांधलेल्या कॅमेऱ्यानं तो क्षण चोरून टिपला. दुसऱ्या दिवशी 'डेली न्यूज'च्या पहिल्या पानावर तो फोटो होता. नॉयरमधल्या 'घातकी बाई'ची मुळं अभ्यासक फार लांबून शोधत येतात. मला ती या पहिल्या पानावर जास्त सापडते. याच खटल्याच्या आठवणीतून केनचं 'डबल इन्डेम्निटी' आलं, १९३६ साली 'लिबर्टी' मासिकात क्रमशः.

माझ्या मते नॉयरचं बीज इथं आहे. मार्लो चिखलातून चालतो, पण चिखल त्याच्या बुटांपर्यंतच. 'डबल इन्डेम्निटी'तला केनचा विमा एजंट स्वतःच तो चिखल. गुन्हा करणाराच गोष्ट सांगतोय, आणि सांगायला सुरुवात केली तेव्हाच सगळं हातचं गेलेलं आहे. पार्श्वभूमीला कबुलीजबाब देणारा तो थकलेला आवाज पुढे कितीतरी नॉयर सिनेमांत ऐकू येतो. खुद्द अमेरिकेत 'पोस्टमन' पडद्यावर यायला मात्र १९४६ उजाडलं. एमजीएमनं हक्क लगेच घेतले होते, पण सेन्सॉरनं अडवलं. तोवर फ्रान्समध्ये १९३९ साली आणि इटलीत १९४३ साली दिग्दर्शक व्हिस्कॉन्तीनं, तोही हक्क न घेताच, सिनेमे करून टाकले. 'आउटसायडर' ही कादंबरी लिहिताना फ्रेंच लेखक आल्बेर कामूवर या पुस्तकाची छाया होती, हे त्यानं स्वतःच मान्य केलंय.

केनमध्ये खटकतं तेही सांगायला हवं. जीव लावावा असं माणूस एकही नाही. ग्रीक आणि मेक्सिकन लोकांबद्दलचे उल्लेख आज बोचतात. १९४६च्या सिनेमात तर ग्रीक पापाडाकिसचा सरळ स्मिथ करून टाकला. (चँडलरही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही.) आणि केनला शहर दिसत नाही, खोल्या दिसतात. लॉस एंजेलिस अनुभवायचं असेल तर तो पुरा पडत नाही.

दोघं एकत्र भेटतात ते वाइल्डरच्या १९४४च्या 'डबल इन्डेम्निटी'त. गोष्ट केनची, पटकथा वाइल्डर आणि चँडलरची. चँडलरला केन मनापासून आवडत नसे. केनचे संवाद कागदावर चालतात, तोंडात बसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. नटांकडून वाचून घेतले तेव्हा ते वाइल्डरलाही पटलं. म्हणजे बोलण्यात चँडलर सरस, हे मी विनातक्रार मान्य करतो. पण त्या सिनेमाचा सांगाडा बघा, तो केनचाच आहे, आणि म्हणूनच तो कुठे विस्कटत नाही.

सलग दोन-तीन तास मिळणारे, भाषेवर जीव असणारे, कथानकाचा धागा सुटला तरी न चिडणारे वाचक असतील, त्यांनी चँडलरपासून खुशाल सुरुवात करावी, कदाचित तेच माझ्यापेक्षा जास्त सुखी होतील. बाकीच्यांनी आधी 'पोस्टमन', मग 'डबल इन्डेम्निटी', तेही सिनेमा परत बघण्याच्या आधी, कारण पुस्तकाचा शेवट वेगळा आहे आणि बराच विचित्र. त्यानंतर चँडलर. फक्त पहिलं 'द बिग स्लीप' नको. १९४२चं 'द हाय विंडो' घ्या. रसिक त्याला जरा खालचं मानतात, पण ते जुन्या कथा जोडून केलेलं नाही, आणि त्याला पेन्सिल लागत नाही.