रासा ३.६ : मराठी बॉट शिकणाऱ्याने घ्यावं का?

रासा म्हणजे चॅटबॉट बनवायचं सॉफ्टवेअर. संवाद डिझाइन, म्हणजे बॉटचं बोलणं आखणं, शिकायला व्हॉइसफ्लोसारखं साधन घेतलं की पडद्यावर चौकटी जोडत देखणा नमुना झटपट उभा राहतो. रासाच्या फुकट, ओपन सोर्स आवृत्तीत यामल (साध्या मजकुरात सेटिंग लिहायची पद्धत) फाइली आणि आज्ञा टाइप करायचं टर्मिनल, एवढाच कारभार. तरी मराठी बॉट करायचा तर आधी हेच शिकावं, कारण बॉट नेमका कुठे घसरला ते इथे उघडं दिसतं.

इन्स्टॉल करतानाच पहिली ठेच लागते. ३.६ ला पायथन ३.८ ते ३.१० लागतं, नव्या पायथनवर ते बसत नाही. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या प्रकल्पापुरतं स्वतंत्र पायथन, करा.

खरी गंमत पाइपलाइनमध्ये, म्हणजे वाक्य समजून घेणाऱ्या टप्प्यांच्या साखळीत आहे. ग्राहक 'खातं' असं सुटं क्वचित लिहितो; खात्यात, खात्यातून, खात्यावरचे असं लिहितो. शब्दागणिक मोजणाऱ्याला हे तीन निराळे शब्द. म्हणून मजकुराचे तुकडे मोजून आकडे करणारा काउंटव्हेक्टर्स फीचरायझर दोनदा असतो: एकदा शब्दांवर, दुसऱ्यांदा १ ते ४ अक्षरांच्या गटांवर (एन-ग्रॅम). तो दुसरा काढू नका.

'बऱ्याच'मधला ऱ हा तर छुपा शत्रू. कुणाचा कीबोर्ड एकच अक्षर टाकतो, कुणाचा र आणि नुक्ता (खालचा टिंब). दिसायला सारखं, मॉडेलला वेगळं. वाक्याचे शब्द पाडणाऱ्या टोकनायझरच्या आधी एनएफसी (अशी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची रीत) करणारा छोटा कंपोनंट, म्हणजे पाइपलाइनचा टप्पा, स्वतः लिहावा लागतो. र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असा तिसरा प्रकार मात्र एनएफसीनेही सुटत नाही, तो वेगळा बदलून घ्यायचा. मोबाइल नंबरचंही तसंच: रेजेक्समधला (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रातला) 'बॅकस्लॅश डी', म्हणजे 'कुठलाही अंक', देवनागरी अंकही पकडतो, पण डेटाबेसमधल्या इंग्रजी अंकांशी ते जुळत नाहीत.

खात्री नसेल तेव्हा बॉटने 'कळलं नाही' म्हणायचं, तो फॉलबॅक. त्याचा ०.३ हा आयता थ्रेशोल्ड, म्हणजे खात्रीची किमान पातळी, फार उदार आहे. 'पैसे कापले' आणि 'पैसे परत कधी' यांत गल्लत झाली तरी बॉट आत्मविश्वासाने उत्तर ठोकतो. क्रॉस-व्हॅलिडेशन (उदाहरणांचे भाग करून आळीपाळीने चाचणी) चालवा, कशाची कशाशी गल्लत झाली ते दाखवणारं कन्फ्युजन मॅट्रिक्सचं चित्र बघा, मग आकडा वाढवा. इंटेंटची (ग्राहकाच्या हेतूंची) नावं रोमन लिपीत ठेवा, नाहीतर त्या चित्रात नावांच्या जागी नुसते चौकोन येतात.

आवाज ओळखणं यात नाही, ते बाहेरून जोडायचं. शिवाय रासा कंपनीचं लक्ष आता एलएलएमवर (चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-मॉडेलवर) चालणाऱ्या काल्म या तिच्या नव्या पद्धतीकडे आहे, त्यामुळे या आवृत्तीत नवं काही येईल अशी आशा नको. शिकायला घ्या, नवा मोठा प्रकल्प यावर उभारू नका.