बेळगावहून मालवणला बुडायला जाताना कुठला कॅमेरा न्यायचा?

शहापुरातला माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो. मालवणला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स करून आला आणि बॅग खाली ठेवायच्या आत विचारतो, "माझ्याकडे फुल फ्रेम आहेच की. आता हाउसिंग घेतलं की झालं, नव्हे काय?" फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, आणि हाउसिंग म्हणजे त्याला पाण्यात न्यायचा पाणबंद डबा. आपल्याकडून पाण्याखाली जाणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. मीही विचारला होता.

आधी बघा, आपण बुडतो कुठे. दोन दिवस सुट्टी मिळाली की आंबोली उतरून मालवण, नाही तर चोर्ला उतरून गोव्याचं ग्रँड आयलंड. लांब जायची तयारी असेल तर मुर्डेश्वरहून बोटीने नेत्राणी. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. नेत्राणीचं पाणी त्यातल्या त्यात नितळ. मालवणला मात्र चार मीटरवरचा बडी, म्हणजे जोडीचा डायव्हर, दिसेनासा होतो, असेही दिवस मी काढलेत. शिवाय पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. पाचेक मीटर खाली तो जवळजवळ उरत नाही आणि सगळा फोटो हिरवट दिसायला लागतो. लाल परत आणायला स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, लावावा, तर गढूळ पाण्यातला कण न् कण उजळतो आणि फोटोत भुरभुर पाऊस पडल्यासारखं दिसतं. दोन्हींवर उपाय एकच: तुमच्या आणि माशाच्या मधलं पाणी कमी करा. म्हणजे एक तर भिंग इतकं वाइड हवं की हातभर अंतरावरून अख्खा खडक मावेल, नाही तर सरळ मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारं, हवं.

आता मित्राची बॅग उघडू. २४-७०, ८५ आणि ७०-२०० एमएमची भिंगं. लग्नात या तिघांवर घर चालतं, पाण्यात तिन्ही जवळजवळ निकामी. ८५ एमएम साधारण पाऊण मीटरच्या आत फोकसच करत नाही. हाउसिंगच्या पुढच्या खिडकीला पोर्ट म्हणतात. सपाट काचेच्या पोर्टमागे २४ चं भिंग वक्रीभवनामुळे ३२ सारखं वागतं, म्हणजे वाइडपण तिथेच गेलं. ७०-२०० बद्दल बोलायलाच नको. थोडक्यात, घरात आहे ती फक्त कॅमेऱ्याची बॉडी, भिंगं नव्याने घ्यायची. मॅक्रोसाठी ९० किंवा १०० चं भिंग आणि फ्लॅट पोर्ट, हे सरळ काम आहे आणि त्याने निघणाऱ्या फोटोला तोड नाही. वाइडसाठी मात्र डोम पोर्ट लागतो, आणि खर्च तिथेच सुरू होतो.

डोम पोर्ट म्हणजे नुसती गोल काच नव्हे. पाण्यात गेल्यावर तोच एक भिंग होतो. दूरचं दृश्य त्याच्यापुढे, त्याच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर, आभासी प्रतिमा होऊन उभं राहतं. दहा सेंटिमीटर त्रिज्येचा डोम असेल तर कॅमेऱ्याला काचेपुढे फूटभर अंतरावर फोकस करावा लागतो, समोर समुद्र पसरलेला असला तरी. शिवाय ही प्रतिमा वक्र असते, म्हणून १६-३५ सारख्या भिंगाचे कोपरे विरघळतात. मग २३० मिलिमीटरचा डोम घ्या, एफ/११ च्या पुढे जा, आणि तो टरबुजाएवढा घुमट बोटीत मांडीवर घेऊन बसा. फिशआयला, म्हणजे सगळं गोलाकार वाकवून दाखवणाऱ्या अतिवाइड भिंगाला, कोपऱ्यांचा त्रास बराच कमी, त्याला लहान डोमही चालतो. फुल फ्रेमच घ्यायचं ठरलं, तर वाइडसाठी मी फिशआयच सुचवीन.

त्यात हाउसिंग. मिलिंग केलेलं ॲल्युमिनियमचं हाउसिंग बहुतेक वेळा बॉडीपेक्षा महाग पडतं, पोर्ट वेगळा. बॉडी बदलली की हाउसिंगही बदला. बहुतेक फुल फ्रेम मिररलेसमध्ये आतला फ्लॅश नसतो, म्हणून फायबर केबलवरून स्ट्रोब पेटवायचा तर आत एलईडी ट्रिगरही बसवावा लागतो.

दुसऱ्या टोकाला छोटे कॅमेरे: ऑलिंपस टीजी-६ किंवा नंतरचा ओएम सिस्टिमचा टीजी-७. बॉडी स्वतःच १५ मीटरपर्यंत पाणी झेलते. पण ओपन वॉटरवाला १८ मीटरपर्यंत उतरतो, तेव्हा पीटी-०५९ हे हाउसिंग घ्यायचंच. त्यात हा कॅमेरा ४५ मीटरपर्यंत चालतो, आणि हाउसिंगात पाणी शिरलं तरी बॉडी स्वतः आडवी उभी असते, याची किंमत मला आज कळते. याचा मायक्रोस्कोप मोड एका सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो. खडकावरची नखाएवढी समुद्री गोगलगाय (न्यूडिब्रँक) मालवणच्या गढूळ पाण्यातही अशी येते की फुल फ्रेमवाला मान वळवून बघतो. दोष? सेन्सर नखाएवढाच, अंधारात दाणे येतात. पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटर आपल्या हातात नाही. लग्नवाल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी खटकतं.

मधली वाट एक इंची सेन्सरची, म्हणजे सोनीच्या आरएक्स१०० घराण्यातली. हिची खरी गंमत बाहेरून लावायच्या भिंगांत, ज्यांना वेट लेन्स म्हणतात. पाण्यातच वाइड काढा, मॅक्रो लावा. फुल फ्रेमवाला बोटीवर जे ठरवून उतरतो त्याला तास-पाऊण तास बांधला जातो. मॅक्रो लावून गेला आणि समोरून बॅराकुडांचा थवा गेला, तर बघत बसतो. पण मॉडेल नीट निवडा. २४-७० झूमवालं ५ए चांगल्या वाइड वेट लेन्सशी जमतं, २४-२०० वालं ७ मॅक्रोला झकास पण वाइडला अडतं. दोन्ही लागतं असं म्हणाल तर ५ए.

गोप्रोबद्दल एवढंच, की व्हिडिओसाठी घ्या. डिस्कव्हर डाइव्हला, म्हणजे कोर्स न करता शिक्षकाबरोबर मारलेल्या पहिल्या बुडीला, तेवढं पुष्कळ. खरं तर तेव्हा कॅमेराच नको, कारण तरंगणं जमल्याशिवाय हातात काही धरलं तर आधी प्रवाळ तुटतं.

उद्यमबागेतल्या एका दोस्ताने मला टोमणा मारला होता: "आम्ही दोनशे बार दाबाचे हायड्रॉलिक ब्लॉक मिल करतो, तुमच्या दोन-तीन बारच्या डब्याचं काय घेऊन बसलात?" हिशेब बरोबर आहे. १८ मीटरवर एकूण दाब २.८ बार. पण दोनशे बारचं तेल ओ-रिंगला, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्याला, खाचेत दाबून बसवतं, तसं बसवायला उथळ पाण्यात दाबच नसतो. म्हणून पुष्कळ हाउसिंगात पाणी शिरतं ते पहिल्या मीटर-दीड मीटरात, नाही तर बोटीवरच्या गोड्या पाण्याच्या टबात. माझं तसंच झालं. ओ-रिंगवर एक केस, बस्स. उडी मारली आणि पोर्टच्या तळाशी चमचाभर पाणी हललं. तेव्हापासून मी हाउसिंग हॉटेलातच बंद करतो, बोटीवर वारा आणि वाळू असताना नाही. हाउसिंगातली हवा काढून बघायच्या व्हॅक्यूम पंपाची सोय असेल तर तिचे पैसे जरूर मोजा, गळती आहे का ते उडी मारायच्या आधी कळतं. ग्रीस कंपनीचंच वापरा. सिलिकॉनच्या ओ-रिंगला चुकीचं सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते. आणि जूनमध्ये आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा भिंगं सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात, हाउसिंग मात्र ओ-रिंग काढून उघडं.

मित्राला मी सांगितलं ते असं: वर्षातून दोन-तीन वेळा मालवणच, तर टीजी आणि उरलेल्या पैशांत एक चांगला स्ट्रोब. बॉडी वाढवण्यापेक्षा प्रकाश वाढवला तर फोटो जास्त बदलतो. नेत्राणी ठरलेलीच असेल आणि पुढे अंदमान-लक्षद्वीपचा बेत असेल, तर एक इंची. फुल फ्रेम फक्त एका परिस्थितीत, फोटो विकायचे असतील तेव्हा. "माझे तर विकतच आहेत की," असं तो म्हणाला. लग्नाचे, मासे पैसे देत नाहीत, एवढं मी बोललो.

शेवटी त्याने वापरलेला टीजी आणि हाउसिंग बघितलं. पैसे देण्याआधी आम्ही ते खानापूर रोडच्या एका शेतातल्या विहिरीवर नेलं. आत कॅमेरा नाही, दुमडलेला टिश्यू पेपर. रिकामं हाउसिंग तरंगतं, म्हणून पिशवीत दगडासकट घालून दोरीने सात-आठ मीटर खाली सोडलं आणि अर्धा तास चहा प्यायलो. बटणं मात्र वरून दाबता येत नाहीत, म्हणून वर काढल्यावर बादलीत बुडवून एकेक बटण दहा वेळा दाबलं. टिश्यू कोरडा निघाला. विहिरीतला बेडूक आता त्याचा पहिला मॉडेल आहे.