फाइल वॉचर की रिलोडचा हुकूम?

गळीत हंगामात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बंद करायला सवड मिळत नाही. काट्याबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रात्रीही असतेच. दूध संस्थेतही तीच गत, फक्त तिथे अडचणीची वेळ सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची. त्यामुळे कोल्हापूर भागात अशा कामांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कधी ना कधी ठरवावं लागतं, की पावतीवरचा मजकूर, प्रिंटरचं नाव, टाइमआउट, लॉगची पातळी या गोष्टी नवं बिल्ड न काढता आणि रीस्टार्ट न करता कशा बदलायच्या. सेटिंग कोडमधून काढून फाइलमध्ये ठेवण्याइतपत काम झालंय असं धरतो. पुढे दोन वाटा आहेत. प्रोग्रॅमनेच फाइलवर नजर ठेवायची (हा वॉचर), नाहीतर आपण सांगू तेव्हाच त्याने ती पुन्हा वाचायची (हा रिलोडचा हुकूम).

नजर ठेवण्याची वाट दिसायला देखणी आहे. डॉटनेटमध्ये रिलोडऑनचेंज हा पर्याय चालू केला किंवा गो भाषेत वायपर या कॉन्फिग लायब्ररीचं वॉचकॉन्फिग बोलावलं, की निम्मं काम झालं. डॉटनेटवाल्यांनी एवढं पाहावं, की आयऑप्शन्स घेतलेल्या क्लासला बदललेली किंमत प्रोसेस चालू असेपर्यंत दिसत नाही. दर रिक्वेस्टला ताजी किंमत हवी तर आयऑप्शन्सस्नॅपशॉट घ्यावा. सिंगलटनमध्ये, म्हणजे प्रोसेसभर एकच राहणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, तो चालत नाही, तिथे आयऑप्शन्समॉनिटर लागतो. ‘वॉचर चालत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते.

न मिटणारा त्रास वेगळाच आहे, आणि माझ्या लेखी निकाल त्यानेच लावला. फाइल पहिल्यांदा बदलली की बदल लागू होतो. दुसऱ्यांदा बदलली की काहीच होत नाही. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. लिनक्सवर आयनोटिफाय, म्हणजे फाइल बदलल्याचं कळवणारी कर्नलची सोय, नजर ठेवते ती फाइलच्या नावावर नाही, आयनोडवर, म्हणजे डिस्कवरच्या त्या फाइलच्या मूळ नोंदीवर. विम या एडिटरमधून सेव्ह करताना पुष्कळदा जुनी फाइल बाजूला सरकवली जाते आणि त्याच नावाची नवी फाइल तयार होते. फाइल जागेवर बदलणारी सेड -i ही कमांड वापरली तरी आधी तात्पुरती फाइल बनते, मग तिचं नाव बदलतं. नाव तेच राहतं, आयनोड बदलतो, आणि वॉचर गेलेल्या फाइलकडे बघत बसतो. यावर उपाय आहे. फाइलऐवजी तिच्या फोल्डरवर नजर ठेवायची आणि लिहून बंद झाल्याचा व नाव बदलून आत आल्याचा, असे दोन्ही इव्हेंट ऐकायचे. चांगल्या लायब्रऱ्या हे करतात. पण आपली लायब्ररी करते का, हे दुसऱ्यांदा सेव्ह केल्याशिवाय कळत नाही, आणि टेस्टिंगमध्ये दुसऱ्यांदा सेव्ह करतो कोण?

नॅनो या एडिटरचा प्रकार उलटा. तो तीच फाइल आधी रिकामी करतो, मग लिहितो. त्या क्षणी इव्हेंट आला तर प्रोग्रॅमच्या हाती शून्य बाइट किंवा अर्धा जेसन (सेटिंग लिहिण्याचा मजकुरी फॉरमॅट) लागतो. म्हणून इव्हेंट आल्यावर 200 ते 500 मिलिसेकंद थांबून मगच वाचावं. एका सेव्हला दोन-तीन इव्हेंट येतात, तेही या थांबण्यात एकत्र होतात. शिवाय फाइल एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल सिस्टमवर किंवा विंडोजच्या शेअर फोल्डरवर असेल आणि दुसऱ्या मशीनवरून बदलली, तर आयनोटिफायला पत्ताच लागत नाही. मग ठरावीक वेळाने फाइलची वेळ तपासणं, म्हणजे पोलिंग, एवढंच उरतं.

आता दुसरी वाट. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर वापरलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. आधी कॉन्फिग तपासायची, मग रिलोड म्हणायचं. मास्टर प्रोसेस नवी कॉन्फिग वाचते, ती बरोबर असेल तर नवे वर्कर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस) उभे करते आणि जुने वर्कर हातातलं काम संपवून जातात. चूक असेल तर जुनंच चालू राहतं. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! इथे सेव्ह करणं आणि लागू करणं या दोन वेगळ्या कृती राहतात, हे मला फार मोलाचं वाटतं. चार ओळी बदला, चहा पिऊन या, पुन्हा वाचा, आणि मगच हुकूम द्या. वॉचरमध्ये कंट्रोल-एस हाच हुकूम असतो.

आपल्या प्रोग्रॅममध्ये हे लिहायला फार लागत नाही. फाइल नव्या ऑब्जेक्टमध्ये वाचायची, पूर्ण तपासायची, आणि सगळं ठीक असेल तरच चालू पॉइंटर एका झटक्यात नव्याकडे वळवायचा. एकेक किंमत जागच्या जागी बदलू नये. पावती सुरू होताना तेव्हाचा कॉन्फिग ऑब्जेक्ट हातात घ्यावा आणि पावती संपेपर्यंत तोच वापरावा, नाहीतर एकाच पावतीत वरचा भाग जुन्या सेटिंगचा आणि खालचा नव्या सेटिंगचा निघतो. रिलोड झाल्यावर लॉगमध्ये एक ओळ हवीच: कोणती फाइल, तिचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण), कोणत्या किंमती बदलल्या. तपासणीत एन्कोडिंगही घ्या. विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीआधीचं नोटपॅड मुळात एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करतं. त्यात संस्थेचं देवनागरी नाव असेल तर पावतीवर प्रश्नचिन्हांची रांग छापली जाते. यूटीएफ-8 निवडलं तरी ते सुरुवातीला बीओएम, म्हणजे न दिसणारी खुणेची तीन बाइट, घालतं, आणि काही जेसन पार्सर त्यावरच अडतात.

या वाटेलाही खोट आहे. लिनक्सवर रिलोडचा हुकूम बहुधा हप (SIGHUP) सिग्नलने देतात. त्यासाठी हँडलर लिहिला नसेल, तर तो सिग्नल मिळताच प्रोसेस मरते, तेच त्याचं मूळ वर्तन आहे. म्हणून आधी हँडलर, मगच सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिट फाइलमध्ये एक्झेकरिलोडची, म्हणजे रिलोडची कमांड सांगणारी, ओळ. नुसत्या किल कमांडने सिग्नल पाठवला तर रिलोड पूर्ण होण्याआधीच कमांड परतते. 2023 मध्ये आलेल्या सिस्टमडी 253 पासून नोटिफाय-रिलोड हा प्रकार आहे, त्यात रिलोड संपल्याचं प्रोग्रॅम स्वतः कळवतो. काट्यावरचा पीसी मात्र बहुधा विंडोजचा, तिथे हा सिग्नलच नाही. तिथे 127.0.0.1 वर एक छोटा एचटीटीपी पत्ता ठेवावा आणि पोस्ट रिक्वेस्ट आली की रिलोड करावं. बाहेरच्या नेटवर्कला तो दिसता कामा नये. प्रोमीथियस हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअरही असाच पत्ता देतं, पण मुद्दाम चालू केला तरच.

कोणतीही वाट घ्या, काही गोष्टी नुसत्या वाचून बदलत नाहीत. काट्याच्या इंडिकेटरचा कॉम पोर्ट किंवा बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बदलला तर पोर्ट बंद करून पुन्हा उघडावा लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वर्क_मेम हे सेटिंग रिलोडने बदलतं, शेअर्ड_बफर्सला रीस्टार्टच लागतो, आणि पीजी_सेटिंग्ज या यादीतला पेंडिंग_रीस्टार्ट हा कॉलम ते सांगतोही. आपल्या प्रोग्रॅमनेही असंच ‘ही किंमत रीस्टार्टनंतर लागू होईल’ असं स्पष्ट म्हणावं.

सेटिंग डेटाबेसमध्ये ठेवणं हा तिसरा पर्याय, पण तो या तुलनेत बसत नाही. दुधाचं दरपत्रक मात्र तिथेच हवं. गायीच्या 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या) दुधाचा दर ही सेटिंग नाही. त्याला लागू दिनांक असतो आणि मागचं बिल पुन्हा काढायला जुना दरही लागतो.

वॉचरला मी सरसकट नाही म्हणणार नाही. डेव्हलपमेंटच्या मशीनवर तो सोयीचाच आहे. कंटेनर सांभाळणाऱ्या क्युबरनेटीसमध्ये कॉन्फिगमॅप (तिथला सेटिंगचा साठा) फोल्डर म्हणून जोडला असेल तर फाइल्स सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी लिंक) पालटून एकदम बदलतात, म्हणजे अर्धी फाइल हाती येत नाही. तिथे प्रत्येक पॉडला (प्रोग्रॅमच्या चालू प्रतीला) हुकूम पोचवत बसण्यापेक्षा वॉचर बरा पडावा. फक्त सबपाथने, म्हणजे फोल्डरऐवजी एकटीच, जोडलेली फाइल तिथे ताजी होत नाही. डॉकरमध्ये एकच फाइल बाइंड माउंट केली, म्हणजे बाहेरच्या मशीनवरून कंटेनरमध्ये जोडली, असेल तरी हाच घोळ होतो: बाहेर विमने सेव्ह केलं की कंटेनरला जुना आयनोडच दिसत राहतो, आणि तिथे हुकूम दिला तरी जुनीच फाइल पुन्हा वाचली जाते. कॉन्फिगचं अख्खं फोल्डर माउंट करा.