मरळीच्या मागे लागायचं तर काय घ्यावं: स्पिनिंग, बेटकास्टिंग की साधा गळ?

मरळ हा आपल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा, पण त्याच्यासाठी दुकानात दिसणारं बरंचसं सामान मुळात लार्जमाउथ बास या माशासाठी घडलेलं. हा बास आपल्या पाण्यातला मासाच नव्हे. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९३२ साली जॉर्जिया राज्यातल्या एका तळ्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या किंचित वरचा बास मिळाला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, तेही जपानच्या बिवा सरोवरात. या एका माशापायी तिकडे रॉड (काठी), रील (दोरी गुंडाळायचं यंत्र) आणि लुअर (खोटं आमिष) यांचा अख्खा बाजार उभा राहिला. आता मोबाइलवर बोट फिरवलं की तोच बाजार आमच्या कोल्हापुरात, कसबा बावड्यात घरपोच येतो. त्यातलं आपण काय घ्यायचं आणि काय सोडायचं, एवढाच इथे प्रश्न आहे.

आपल्याकडे या सामानाला खरी दाद देते ती मरळ. ती पाणवनस्पतीत दबा धरून बसते आणि बेडूक, उंदीर, लहान मासळी, जे टप्प्यात येईल त्यावर झडप घालते. बासचा स्वभावही असाच, म्हणून त्याचं सामान मरळीला चालतं. पण अर्धंच चालतं, आणि कुठलं अर्धं ते कळलं नाही तर खिशाला चाट बसते.

स्पिनिंग आणि बेटकास्टिंग या रीलच्या दोन जाती, त्यांतला फरक पुढे येईल. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलाच सेट घेणार असाल तर सात फुटी, दोन तुकड्यांचा मीडियम हेवी स्पिनिंग रॉड, ३००० साइजचं रील, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि दोन-तीन रबरी बेडूक घ्या. बाकी सगळं नंतर. आणि तुम्हाला रोहू, कटला किंवा चिलापी (तिलापिया) हवी असेल तर यातलं काहीच घेऊ नका. त्याबद्दल पुढे येईलच.

बास आणि मरळ यांत फरक कुठे पडतो

सगळ्यात मोठा फरक श्वासाचा. बास कल्ल्यांवर जगतो. ऊन तापलं की तो गार पाण्यासाठी खोल जातो, म्हणून तिकडच्या पेटीत लांब जिभेचे, तीन-चार मीटर खोल बुडी मारणारे क्रँकबेट नावाचे लुअर भरलेले असतात. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतला श्वास घेणारा वेगळा अवयव असतो आणि थोड्या थोड्या वेळाने तिला वर यावंच लागतं. वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. त्यामुळे ती उथळ काठाला, शेवाळात, जलपर्णीच्या कडेला, पाण्यात झुकलेल्या झुडपाखाली असते. काठाशी कमरेएवढ्या पाण्यात चार मीटर बुडणारा क्रँकबेट टाकला तर तो चिखल खणतो, दुसरं काही नाही. व्हिडिओत सगळ्यात देखणे दिसणारे हे लुअर यादीतून पहिले खोडा.

हा श्वास आपल्या कामाचाही आहे. मरळ वर येऊन हवा घेते तेव्हा पाण्यावर ‘डुब्’ असा आवाज येतो, कडं उठतं. तिथून थोडं पलीकडे कास्ट करून, म्हणजे फेकून, लुअर त्या कड्यावरून आणायचा. बासच्या मागे बोटीतून यंत्र लावून फिरणाऱ्यांना ही सोय नाही.

दुसरा फरक तोंडाचा. बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मरळीबाबत ही हौस करू नका. तिला दात आहेत आणि जबडाही टणक आहे. म्हणून गळ बासला लागतो त्याहून धारदार आणि जाड तारेचा हवा. स्वस्त बेडकाचे गळ पहिल्याच मोठ्या मरळीत सरळ होतात.

लुअर: पैसे कुठे घालावेत

जलपर्णी आणि शेवाळ हे आपल्या पाण्याचं वास्तव आहे. तीन तोंडांचा उघडा गळ लावलेला कुठलाही लुअर दर कास्टला शेवाळाचा भारा घेऊन परत येतो. तेव्हा निवड आपोआप बेडकावर येऊन थांबते. पोकळ रबरी बेडकाचे दोन गळ पाठीला चिकटून असतात. तो पानांवरून घसरत येतो आणि माशाने दाबला की रबर बसतं, गळ उघडे पडतात.

त्यातही दोन घराणी आहेत. बाससाठीचा बेडूक सहा-साडेसहा सेंटिमीटर लांब, १४ ते १८ ग्रॅमचा, मागे दोऱ्यांचे पाय लोंबणारा. थायलंड-मलेशियात मरळीच्याच भाऊबंदांसाठी घडवलेला जंप फ्रॉग चार-साडेचार सेंटिमीटरचा, आठ-बारा ग्रॅमचा, बहुतेकदा मागे छोटी फिरती पाती असलेला. केरळात मरळीला वराल म्हणतात, तिथले गळवालेही हेच वापरताना दिसतात. आपल्या बंधाऱ्यांवर सर्रास भेटणारी मरळ पाऊण-एक किलोची. तिच्या तोंडात मोठा बेडूक पुरता जात नाही, झडप येते आणि गळ लागत नाही. मी दोन जंप फ्रॉग आणि एकच मोठा बेडूक घेण्याच्या मताचा आहे. दाट जलपर्णीवर वजनदार मोठा बेडूक पान दाबतो, खालच्या माशाला त्याचा सुगावा लागतो, तेवढ्यासाठी तो. रंगाचा फार विचार करू नका, मासा बेडकाचं पोट खालून बघतो. एक काळा आणि एक पिवळट-हिरवा पुरे.

बेडकावर झडप आली की लगेच ओढायचं नाही. दोरी ताणली जाईपर्यंत क्षणभर थांबायचं, मग जोरात. नवख्यांच्या निम्म्या मरळी इथेच सुटतात आणि शिव्या मात्र लुअरला बसतात.

शेवाळ संपून मोकळं पाणी सुरू होतं त्या कडेला स्पिनरबेट चांगला. वाकवलेल्या तारेमुळे गळ झाकलेला राहतो आणि पात्याची थरथर गढूळ पाण्यातही माशाला जाणवते. पावसाळ्यानंतरच्या तांबूस पाण्यात मी बेडकाआधी हाच बांधेन. शेपटी हलवणारी रबरी मासळी वाकड्या गळावर, टोक रबरात लपवून लावली की पानांमधल्या मोकळ्या खिडक्यांत टाकता येते. स्वस्त पडते, पण चिलाप्या तिच्या शेपट्या कुरतडतात. चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा धातूचा लुअर, जुनाच आणि अजून चालणारा. पाण्यावर आवाज करत येणारा पॉपर मोकळ्या, शांत पाण्यावर मजा देतो, पण तशी जागा आपल्याकडे कमी.

रील: खरा वाद

बेटकास्टिंग रील दिसायला भारदस्त. बासवाले तेच वापरतात, आणि त्याला कारण आहे. त्याचं रीळ, म्हणजे दोरी गुंडाळलेला भाग, स्वतः फिरतं, अंगठ्याने त्यावर ताबा ठेवून लुअर ताटाएवढ्या जागेत टाकता येतो. रीलच्या आतल्या चाकांचे दाते मोठे असल्याने जलपर्णीसकट मासा ओढून आणायची ताकदही जास्त. ही दोन्ही कामं मरळीला हवीच असतात, म्हणजे कागदावर बेटकास्टिंगच जिंकतं.

पण घोडं अडतं ते वजनावर. लुअर हलका असला की रीळ फिरवायला त्याची ओढ पुरत नाही. साध्या किमतीच्या बेटकास्टिंगवर दहा ग्रॅमखालचा लुअर फेकणं म्हणजे गुंत्याला आमंत्रण. लुअर हवेत मंदावतो, रीळ तसंच गरगरत राहतं आणि दोरीचं घरटं तयार होतं. वर आपण निवडलेला बेडूक आठ-बारा ग्रॅमचा. हलके लुअर फेकणारी बेटकास्टिंग रीलं मिळतात, पण त्यांच्या किमतीत स्पिनिंगचे दोन सेट येतील. आणखी एक बारकावा: बेटकास्टिंगची मूठ ज्या बाजूला येते त्याच बाजूला कायम राहते. डावखुऱ्यांनी मागवण्याआधी नीट बघावं. स्पिनिंगची मूठ हवी त्या बाजूला काढून लावता येते.

स्पिनिंगचं रीळ स्थिर असतं, दोरी त्यावरून सुटत जाते. पाच ग्रॅमचा लुअरही सहज जातो, आणि समोरून वारा आला तरी गुंता क्वचितच होतो. त्याचे दोषही आहेत. दोरीला पीळ पडतो, ढिली गुंडाळली की फेकताना ब्रेडला गाठी पडतात, नेम बेटकास्टिंगइतका बसत नाही. तरी पहिल्या हंगामात हातात गुंता सोडवण्यापेक्षा रॉड जास्त वेळ असावा, एवढ्या एका कारणासाठी मी स्पिनिंगला कौल देतो. एखाद-दुसरा हंगाम गेला, जागा माहीत झाल्या, मोठ्या मरळीची चटक लागली की मग बेटकास्टिंग घ्या. तेव्हा ते पैसे वसूल होतात.

दोरी आणि रॉड

आपल्याकडचं तंगूस म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी, मोनो. ती ताणते, म्हणून झटका सोसते. पण वीस मीटरवरच्या बेडकाला झटका दिला तर तो ताणातच जिरतो आणि टणक जबड्यात गळ रुतत नाही. ब्रेड जवळजवळ ताणत नाही, त्याच ताकदीच्या मोनोपेक्षा बरीच बारीक असते आणि पानांच्या देठातून कापत येते. बेडकासाठी ब्रेड थेट बांधा, पुढे लीडरची (वेगळ्या दोरीच्या तुकड्याची) गरज नाही. फ्लुरोकार्बन ही आणखी एक जातीची दोरी पाण्यात बुडते आणि बेडकाचं नाक खाली ओढते, त्यामुळे या कामासाठी नको. बजेट तंग असेल तर रील एक पायरी खालचं घ्या, दोरी आणि गळ मात्र चांगलेच घ्या. दुकानदार उलटं सांगेल.

रॉड एकसंध असावा असं जाणकार म्हणतात. खरं आहे, पण सात फुटी अखंड काठी घेऊन मोटारसायकलवरून गगनबावड्याच्या रस्त्याला लागून बघा! दोन तुकड्यांचा बरा. दुर्बिणीसारखा घडी होणारा रॉड सोयीचा वाटतो, पण जलपर्णीतून मासा उपसताना त्याचं टोक आधी जातं.

साधा गळ कधी घ्यावा

कटला, रोहू, मृगळ हे लुअरवर धावणारे मासे नव्हेत. त्यांना कणकेची गोळी लागते. चिलापीला कणीक किंवा गांडूळ. वाम रात्रीची, तळाशी फिरणारी, तिलाही गांडूळच. हे मासे घरी न्यायचे असतील तर बांबूची काठी, तंगूस, शिसं, बुचाचा तरंडा आणि बारीक गळांची पुडी यात काम होतं, खर्च शे-दोनशेत भागतो. घडीचा रॉड घ्यायचा झाला तर तो याच कामासाठी. बंधाऱ्यावरच्या मामांची पिशवी संध्याकाळी लुअरवाल्यापेक्षा जड असते, आणि त्यात नवल काही नाही. लुअर हा झडपेच्या मजेचा खेळ आहे, कालवणाची हमी नव्हे.

कुठे, आणि कुठे नको

सेट घेण्याआधी आपलं पाणी ठरवा. कोल्हापूर शहरातली रंकाळा, कळंबा, राजाराम ही तळी जवळची खरी, पण कळंब्याचं पाणी पिण्यासाठी जातं, रंकाळ्यावर फिरायला आलेल्यांची गर्दी असते, तेव्हा उघडे गळ हवेत फिरवण्याची ती जागा नाही. तळी आणि जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, बीज त्यांनी सोडलेलं असतं. आधी विचारा. बहुतेक ठिकाणी मरळीच्या एका काठीला कोणी नाही म्हणत नाही, पण न विचारता गेलात तर तोंड वाजतं.

राधानगरी आणि काळम्मावाडीचा फुगवटा मोहात पाडणारा आहे, पण मधे राधानगरी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. गव्याची गाठ पडली तर ती वेगळीच.

राहतात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, आणि लुअरवाल्याला तेच सर्वांत बरे. पावसाळा सरला की पाणी अडवायला बरगे (काढ-घालीच्या फळ्या) घालतात, वरच्या अंगाला पाणी तुंबतं, काठाची गवतं पाण्यात जातात आणि मरळीला हवी तशी जागा तयार होते. भोगावती, कासारी, कुंभी या नद्यांवर असे बंधारे रांगेने आहेत. शहराच्या आणि इचलकरंजीच्या खालच्या अंगाला पंचगंगेचं पाणी इतकं बिघडतं की मेलेल्या माशांच्या बातम्या येत राहतात. तिथला मासा धरा हवं तर, खाऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये घरी बसा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी मोजतात, पण बंधारा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो आणि काठही सुटतात. याच दिवसांत मरळ पिलं काढते. पाण्यावर तांबूस पिलांचा खळबळणारा घोळका दिसला तर खाली नर-मादी राखण करत असतात आणि कशावरही धावून येतात. त्यांना तिथून उचलणं सगळ्यात सोपं असतं, पण राखणदार गेला की चिलाप्या तो घोळका फस्त करतात आणि पुढच्या वर्षी त्या काठाला कास्ट करण्यासारखं काही उरत नाही. तिथे लुअर टाकू नका.

खरेदीत राहिलेली एक गोष्ट म्हणजे लांब नाकाची पक्कड. मरळ बुळबुळीत असते, हातात असताना एकदम उसळी मारते, आणि बेडकाचा दुसरा गळ तेव्हा मोकळा असतो. पक्कड आणि ओलं फडकं सोबत नसेल तर पहिली मरळ तुमचा अंगठा घेऊन सीपीआर रुग्णालयात जाईल.